शाईतले समुद्री संकरप्राणी: या चुका टाळा

कासवाला माशाचे कल्ले लावले की प्राणी अद्भुत दिसतो. पण त्याच्याभोवती तुटकं जाळं काढायचं असेल, तर त्या कल्ल्यांनी सगळं चित्र मारलं म्हणून समजा. मी हे करून बसले आहे. कासव फुफ्फुसांनी श्वास घेतं. जाळ्यात अडकलं की श्वासासाठी वर येता येत नाही आणि ते गुदमरून मरतं. कल्ले दिले की हा धोकाच उरत नाही, जाळं नुसती नक्षी होतं. म्हणून ज्या अवयवावर संकट येतं, तो खराच ठेवा. बाकी डोक्यावर दीपगृह उगवलं तरी चालेल.

दुसरी चूक शेपटीची. माशाची शेपूट उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. डॉल्फिनची आडवी असते, वर-खाली हलते. या दोन्हींची गल्लत झाली की प्राणी पोहतोय असं वाटतच नाही. कासवाच्या पाठीवर फुटबॉलसारखे षटकोन काढण्याची सवयही सोडा. आपल्या कोकणात अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवाच्या पाठीवर ढालींची, म्हणजे कवचाच्या तुकड्यांची, मधली रांग असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना बहुतेक वेळा सहा किंवा जास्त ढाली. त्या मोजून काढा.

जोड शिवल्यासारखे दिसत असतील, तर मकर आठवा: मगर, हत्ती आणि मासा मिळून झालेला. वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात गंगा त्याच्यावर उभी आहे. तीन प्राणी असूनही तो एकच देह वाटायला हवा. मी कातडीवरच्या सुरकुत्या हळूहळू बारीक करत नेते, मग त्यांचेच खवले होतात. सीमारेषा काढायचीच नाही.

प्लॅस्टिकच्या पिशवीचे पारदर्शक पंख काढायचा मोह मलाही होतो. पण ते इतके सुंदर दिसतात की बघणारा पिशवीवरच भाळतो. पिशवी काढायची तर ती प्राण्याच्या तोंडात काढा.

आता शाईच्या तक्रारी. शाई पसरून रेघेला केस फुटतात? दोष बहुधा कागदाचा आहे. झेरॉक्सचा कागद सोडा, चित्रकलेचा चांगला, जाड कार्ट्रिज कागद घ्या. ओला ब्रश फिरवताच रेघा विरघळतात? ती फाउंटन पेनची साधी शाई असणार. वॉटरप्रूफ घ्या, पण तिच्यात लाख असेल तर ती टाकानेच, म्हणजे शाईत बुडवायच्या निबच्या पेनानेच, वापरा. लाखेची शाई फाउंटन पेनमध्ये भरली की आत सुकून पेन कायमचं बसतं. नव्या निबवर शाईचे थेंब गोळा होऊन घसरत असतील, तर निबला तेलाचा थर आहे. भांड्याच्या साबणाने धुवा. आणि पेन्सिल खोडायची घाई नको. शाई पूर्ण सुकू द्या.

सगळ्यात जास्त खटकते ती चूक म्हणजे मच्छीमाराला राक्षस करणं. जाळं कापून संरक्षित प्राणी सोडला, तर महाराष्ट्र शासन २०१८ पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. जाळं म्हणजे त्या घराची रोजीरोटी, आणि तरी माणसं ते कापतात. माझ्या नव्या चित्रात राक्षस नाही, सुरी धरलेला हात आहे. जाळ्याचा पहिला धागा तुटतो, तिथे मी रेघ अर्धीच सोडली आहे.