सकाळची टाचदुखी : बूट निवडण्याचा उपयोगी पडलेला क्रम

सकाळच्या पहिल्या पावलांना टाचेच्या तळाशी तीव्र कळ येई. डॉक्टरांनी प्लांटर फॅसिआयटिसचे, म्हणजे टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळव्यातील जाड पट्ट्याच्या दुखण्याचे, निदान केले. जेलच्या टाचपट्ट्या आणि अतिमऊ चपला निरुपयोगी ठरल्याने वैताग आला होता.

अखेर संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, नेहमीचे मोजे घालून दुकानात गेले आणि दोन्ही पावले उभ्याने मोजून मोठ्या पावलाचे माप धरले. मग बुटाचा टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबून तो दबत नाही ना, आणि वाकवल्यावर बूट मध्यावर न दुमडता बोटांच्या सांध्यापाशीच वाकतो ना, हे तपासले. मऊपणापेक्षा हीच कसोटी मोठी. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे १ सेंटिमीटर जागा ठेवली आणि चालताना टाच निसटत नाही, हे पाहिले. घरातही अनवाणी चालणे थांबवल्यावर कळ हळूहळू ओसरली.