अल्जीरियाचं गाणं चाळीत ऐकवायचं तर

लालबागच्या आमच्या चाळीत रविवारी मी पोरांना गाणी ऐकवते. 'ला कासा देल मुरादिया' लावताना अर्थ आधी सांगू नका. तीनदा ऐकू द्या, ठेका हातात बसला की डफावर धरायला लावा. मग सांगा: २०१८ चं हे गाणं अल्जिअर्सच्या यूएसएम अल्जर या फुटबॉल संघाच्या चाहत्यांचं. मुरादिया म्हणजे राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुतेफ्लिका पाचव्यांदा निवडणुकीला उभे राहणार म्हटल्यावर २०१९ मध्ये स्टेडियममधलं हे गाणं शुक्रवारच्या मोर्च्यांत घुमलं. २ एप्रिलला त्यांनी राजीनामा दिला.

भाषा दारिजा, म्हणजे घरातली, रस्त्यावरची अरबी. हे मला फार मोलाचं वाटतं, म्हणून इथं घाई नको. पोरांनाही मालवणीत, घाटी बोलीत दोन ओळी रचू द्या. शुद्धलेखन तपासू नका. डफ फिरता ठेवा.