मोठा टीव्ही छोट्या गाडीतून आणताय? या चुका टाळा

22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला. त्यामुळे 43 घ्यायला गेलेला माणूस आता 55 चा भाव विचारून बघतो. दारातली गाडी मात्र तीच असते, आल्टो नाहीतर वॅगनआर. मग सांगलीत विश्रामबागच्या दुकानाबाहेर मोठं खोकं आणि छोटी गाडी समोरासमोर उभी राहतात आणि खोकं उचलणारा पोरगा म्हणतो, "मागची सीट पाडा की मामा, आडवा टाकला की बसतोय बघा."

बसतो, हे खरं आहे. पण तिथंच तो फुटतो.

आडवा टाकणं ही सगळ्यांत महागडी चूक. एलईडी टीव्हीचा पडदा म्हणजे पापडासारख्या पातळ दोन काचा आणि त्यांच्या मधला द्रव. टीव्ही उभा असताना या काचेचं वजन खालच्या कडेवर येतं आणि चौकट ते नीट पेलते. आडवा टाकला की आधार फक्त कडांना मिळतो आणि मधला भाग अधांतरी राहतो. गाडी स्पीडब्रेकरवरून गेली की तो भाग खालीवर हलतो. सांगलीहून आष्ट्याला निघालात तर वाटेतल्या प्रत्येक गावाच्या तोंडाशी ब्रेकर आहे, आणि ऊसतोडीच्या दिवसांत पुढं दोन-दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर असतो, त्यामुळे ब्रेकवरचा पाय निघत नाही. काच आतल्या आत तडकते. वरून हात फिरवला तर पडदा गुळगुळीत लागतो, खोक्यावर ओरखडाही नसतो. चालू केल्यावर मात्र एका कोपऱ्यातून काळा डाग पसरलेला दिसतो आणि त्यातून आडव्या-उभ्या रंगीत रेघा निघालेल्या असतात. ओएलईडी या महागड्या प्रकारातला पॅनल, म्हणजे पडद्याचा भाग, तर याहून पातळ असतो. पॅनल बदलायचा खर्च बऱ्याचदा नव्या टीव्हीच्या जवळ जातो, आणि फुटलेली काच वॉरंटीत बसत नाही.

दुसरी चूक मापाची. 55 इंच हे पडद्याचं तिरकं माप असतं. त्या टीव्हीची रुंदी साधारण 48 इंच आणि उंची 28 च्या आसपास भरते. थर्माकोलसकट खोकं त्याहून चार-सहा इंचांनी मोठं. दुकानात खोक्याला टेप लावा आणि मग गाडीच्या दाराची उघडी जागा मोजा. आत जागा किती आहे, याला अर्थ नाही. खोकं दारातून उभं शिरतंय का, ते बघायचं. 43 चं खोकं बऱ्याच हॅचबॅकच्या मागच्या सीटवर उभं बसतं. 55 चं बसत नाही, कितीही तिरकं करा. आणि मोजतोच आहात तर घराचा जिनाही मोजा. गावभागातल्या जुन्या वाड्यांचे जिने अरुंद असतात, आणि वळणावर अडकलेलं खोकं माणसं हमखास आडवं करतात.

डिकी उघडी ठेवून, दोरी बांधून नेणं नको. गाडीत धूळ आणि सायलेन्सरचा धूर येतो, मागचा दिवा आणि नंबरप्लेट झाकली जाते. गाडीबाहेर माल काढून नेल्यास 2019 च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात 20,000 रुपये दंड आहे. मोटारसायकलवर मागं बसणाऱ्याच्या हातात खोकं देणं तर अजिबात नको. कृष्णेच्या पुलावर आडवा वारा लागला की खोक्याचं शीड होतं आणि सवाल टीव्हीचा राहत नाही, दोन जिवांचा होतो.

माझं स्पष्ट मत आहे: 50 इंचांच्या पुढचा टीव्ही दुकानदारालाच पोचवायला सांगा आणि बिलावर 'घरपोच, बसवून' असं लिहून घ्या. मग वाटेत काही झालं तरी जबाबदारी कुणाची, यावर वाद उरत नाही. ते जमत नसेल तर छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो, करा. खोकं केबिनच्या मागच्या भिंतीला टेकवून उभं ठेवा, मध्ये गादी किंवा जाड वाकळ घाला. सुताची दोरी करकचून आवळू नका, ती खोक्यात रुतते आणि थेट पडद्यावर दाब देते. रुंद पट्टा वापरा, खोकं हलणार नाही इतकाच ताणा. पडद्याच्या बाजूला जॅक, स्टेपनी, सिलिंडर काही नको. येताना तांदळाचं पोतं घ्यायचं असेल तर ते दुसऱ्या खेपेला.

घरी आल्यावर खोकं फोडतानाचा व्हिडिओ काढा. काही कंपन्यांचा माणूस स्वतःच खोकं उघडतो, तेव्हा आधी दुकानात विचारा. उचलताना दोघांनी खालून आणि कडेनं धरा, पडद्याला बोट लावू नका. भिंतीवर चढवण्याआधी खालीच उभा धरून चालू करून बघा. आवाज येतोय पण चित्र नाही, असं झालं तर खोलीत अंधार करून पडद्यावर टॉर्च मारा. पुसट चित्र दिसलं तर काच बहुतेक शाबूत आहे, दोष मागच्या लाइटचा आहे. एकच बारीक उभी रेघ असेल तर पॅनलला सिग्नल पोचवणाऱ्या पातळ पट्टीचा जोड सैल झालेला असू शकतो. कडा दाबून बघण्याचा मोह टाळा, त्यानं पट्टी कायमची जाते. काळा डाग किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी तडक दिसली तर टीव्ही बंद करा, फोटो काढा आणि त्याच दिवशी दुकानात फोन करा. खोकं आणि थर्माकोल महिनाभर तरी टाकू नका, बदलून घ्यायची वेळ आली तर तेच मागतात.