लघवीच्या जळजळीवर गोळी घेताना या चुका टाळा

उन्हाळी लागली की माणसाला दुसरं काही सुचत नाही. दर दहा मिनिटांनी धावायचं, चार थेंब होणार आणि तेही आग करत. अशा वेळी काही देशांत चिठ्ठीशिवाय मिळणारी फेनाझोपायरिडीनची गोळी घेतली की काही तासांत हायसं वाटतं. घोटाळा होतो तो त्या हायसं वाटण्यानंतर.

आग थांबली, म्हणजे बरं झालं असं धरून चालणं

फेनाझोपायरिडीन जंतू मारत नाही. रसायन म्हणून पाहिलं तर ते एक रंगद्रव्य आहे. मूत्रपिंडातून ते लघवीत उतरतं आणि मूत्रमार्गाच्या आतल्या अस्तराची वेदना शमवतं. जळजळ कमी होते, पण ई. कोलायसारखे जंतू होते तिथेच राहतात आणि पुढे वर मूत्रपिंडाकडेही सरकू शकतात. "आता बरं वाटतंय, डॉक्टर कशाला" हे वाक्य म्हणूनच महागात पडतं. अँटिबायोटिक सुरू असेल तर त्याचा गुण येईपर्यंत ही गोळी सोबतीला ठीक. पण दोन दिवसांच्या पुढे तिचा जास्तीचा फायदा होतो, याला पुरावा नाही. दोन दिवसांनंतरही गोळीवाचून भागत नसेल तर दुसरी पट्टी आणू नका, तपासणी करून घ्या.

आधी गोळी, मग लघवीची तपासणी

ही चूक फार जण करतात आणि ती कुणाच्या लक्षातही येत नाही. प्रयोगशाळेतली लघवीची पट्टी रंग बदलून उत्तर देते. या गोळीच्या रंगाने लघवीच भगवी झाली असेल तर पट्टी काय वाचणार? म्हणून जमेल तर नमुना आधी द्या, गोळी नंतर घ्या. घेऊन झाली असेल तर तसं स्पष्ट सांगा. जंतू वाढवून पाहण्याची कल्चर तपासणी रंगावर अवलंबून नसते, त्यामुळे ती करता येते.

या भगव्या रंगाची आणखी एक गंमत आहे. काही जण त्याला रक्त समजून घाबरतात, ते एक वेळ परवडलं. उलटा प्रकार जास्त वाईट: खरंच रक्त जात असतं आणि आपण गोळीकडे बोट दाखवतो. गोळी सुरू करण्याआधीच लघवी लालसर होती का, हे आठवून डॉक्टरांना सांगा.

मूत्रपिंडाचा विचार न करणं

औषध बाहेर पडतं ते मूत्रपिंडातून. मूत्रपिंडाचं काम कमी झालेलं असेल तर ते अंगात साचतं, म्हणून अशा रुग्णांनी ही गोळी घ्यायचीच नाही. उतारवयात मूत्रपिंड मंदावलेलं असू शकतं, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना "माझ्याकडे आहे, घे एक" म्हणून देऊ नका. जी-६-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात. गोळी चालू असताना त्वचा किंवा डोळे पिवळे दिसले, ओठ निळसर पडले किंवा धाप लागली तर गोळी बंद करून लगेच डॉक्टर गाठा.

ताप, थंडी वाजणं, कुशीत किंवा पाठीत कळ, उलट्या, लघवी तुंबणं यातलं काही असेल तर गोळी घेऊन वाट पाहत बसू नका. गरोदर बाई, लहान मूल, मधुमेही किंवा पुरुष रुग्ण असेल तर इतर लक्षणं नसली तरी आधी डॉक्टरच.

सायट्रेटचं सिरप "निरुपद्रवी" समजणं

लघवीचा आम्लपणा घटवणारं सिरप किंवा पावडरही जंतू मारत नाही. त्यातल्या सोडियममुळे रक्तदाब आणि हृदयविकाराच्या रुग्णांना त्रास होऊ शकतो, आणि पोटॅशियमचा प्रकार असेल तर मूत्रपिंडाच्या रुग्णांना धोका. शिवाय नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक आम्लधर्मी लघवीत जास्त चांगलं काम करतं. म्हणजे एका हाताने औषध घ्यायचं आणि दुसऱ्याने त्याची धार बोथट करायची! दोन्ही एकत्र घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

बाकी किरकोळ. गोळी जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत घ्या, पोट बिघडत नाही. चावू नका, दात रंगतात. कपड्यांवरचा डाग सहज जात नाही, त्यामुळे ते दोन दिवस पॅड वापरलेला बरा. अश्रूंतून रंग उतरून सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स कायमच्या रंगल्याची उदाहरणं आहेत, तेवढे दिवस चष्मा लावा.