नववीच्या सुट्टीत मुलांना कामाची चव कशी द्यावी

दहावीचा निकाल हातात आल्यावर कलचाचणीकडे धावणं म्हणजे वरातीमागून घोडं. शिवाय चाचणी कल सांगते. भर उकाड्यात तेच काम चौथ्यांदा करताना पोर टिकेल का, हे सांगत नाही. त्यासाठी नववीनंतरची मे महिन्याची सुट्टी वापरा.

१. मुलालाच तीन कामं निवडू द्या. त्यातलं निदान एक हाताचं असावं.

२. ओळखीतली छोटी जागा शोधा. मोठ्या कंपनीत गळ्यात पट्टा अडकवून एसीत बसवतात, दिसत काहीच नाही. रोज तीन तास, पाच दिवस पुरे. फक्त बघायचं, पैसे घ्यायचे नाहीत, चालू मशीनला हात लावायचा नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवणं आणि अठरापर्यंत धोक्याचं काम देणं कायद्यानेच बंद आहे.

३. संध्याकाळचं बोलणं. सगळं फसतं ते इथेच.

'आवडलं का?' हा प्रश्न घरात बंदच करा. आई-बाबांचा चेहरा बघून मूल 'हो' म्हणतं आणि विषय संपतो. त्याऐवजी विचारा: सगळ्यात जास्त वेळ कशात गेला? आज काय बिघडलं आणि ते कसं निस्तरलं?

उदाहरणार्थ मोटर रिवाइंडिंगचं दुकान, म्हणजे जळालेल्या मोटरमधली तारेची गुंडाळी (वाइंडिंग) नव्याने भरून देणारं. जळालेली वाइंडिंग कापून काढायची, खाचा साफ करून त्यात इन्सुलेशनचा कागद बसवायचा, मोजून वेढे घालायचे, मग वार्निश देऊन वाळवायचं. 'नुसते वेढे मोजत बसले होते' असं एक मूल म्हणेल. दुसरं विचारेल, 'वेढे कमी पडले तर मोटर जास्त करंट घेऊन तापते, ते का?' कंटाळवाण्या भागातच ज्याला प्रश्न पडतो, त्याच्याकडे लक्ष द्या. केकवर क्रीमची फुलं काढायला सगळ्यांनाच आवडतं. बेकरीतला बराचसा दिवस मैदा तोलण्यात आणि ट्रे घासण्यात जातो.

दोन चकवे सांभाळा. पहिले दोन दिवस कुणालाही कंटाळा येतो, त्यावरून निकाल लावू नका. आणि कधीकधी मुलाला काम नाही, दुकानातले काका आवडलेले असतात. शंका आली तर त्याच धंद्यातली दुसरी जागा दाखवा, शक्यतो तुसड्या मालकाची.

पगाराचा विषय त्या आठवड्यात काढूच नका. 'यात पैसा नाही' हे वाक्य एकदा कानावर पडलं की पोर खरं बोलायचं थांबतं.

४. वाटा नंतर बघा. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. आयटीआयचे बहुतेक ट्रेड एक किंवा दोन वर्षांचे असतात.

तिन्ही कामं नाकारली? उत्तम, तीन नावं खोडली गेली. चौथं दिवाळीच्या सुट्टीत.