शेगडी घेऊन झोपू नका, अन् चुलीचा धूर असा कमी करा

परभणीकडं थंडी पडली की घमेल्यात निखारे घेऊन दार लावून झोपायची लई जणांना सवय, ती आधी सोडा. निखाऱ्याला धूर नसला तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो, त्याला ना वास ना रंग, डोकं दुखायलंय मळमळायलंय म्हणेपर्यंत माणूस गुंगीत जातो, म्हणून शेकायचं ते अंगणातच. चुलीत पऱ्हाट्या-तुराट्या कडकडीत वाळलेल्याच घाला, ओल्या घातल्या की नुसता धूर, आमच्या आईचे डोळे कायम लाल त्यानंच. धूर बाहेर जायला चुलीवर धुराडं बसवा. गॅसची ज्योत निळी पाहिजे, पिवळी व्हायली अन् पातेल्याचं बूड काळं पडायलं तर बर्नर थंड झाल्यावर भोकं सुईनं साफ करा. फोडणी देताना खिडकी उघडाच, मिरचीचा ठसका सगळ्या घराला कशाला!