कापूस नोंदीच्या टाइपवरून स्कीमा: ओलाव्याचा रकाना नीट लिहा

जिनिंगच्या फाटकावर मोबाइलवरून कापसाची आवक नोंदवायची तर स्कीमा लागतो, म्हणजे नोंदीत कोणते रकाने आणि कोणत्या प्रकारचे हे सांगणारी जेसन फाइल. तो हाताने लिहू नका. पहिला वेचा संपायच्या आत कोडमधला नोंदीचा क्लास एक सांगतो आणि जेसन फाइल दुसरंच. क्लासवरूनच स्कीमा काढा. त्याला पायथॉन आणि त्यातली डेटा तपासणारी लायब्ररी पायडँटिक, तिची दुसरी आवृत्ती (२०२३ पासूनची), पुरेशी आहे.

पायडँटिकच्या बेसमॉडेलवरून क्लास करा. गट क्रमांक स्ट्रिंग, कारण ‘४५/२’ इंटमध्ये (पूर्णांकात) बसत नाही. वजन किलोत, इंट. काट्याची पावती किलोतच निघते, क्विंटल छापताना करा. तारखेला डेट.

आता ओलावा. गाडी काट्यावर चढली की वजन मिळतं, ओलावा मीटर लावल्यावर. म्हणजे नोंद होताना हा रकाना रिकामा असू शकतो. इथे तीन लेखनं सारखी दिसतात, पण स्कीमा तीन वेगळे निघतात.

‘फ्लोट किंवा नन’ (दशांश संख्या किंवा पायथॉनची रिकामी किंमत, जेसनमध्ये नल) एवढंच लिहिलं तर किंमत नल चालते, पण रकाना पाठवावाच लागतो. स्कीमाच्या ‘रिक्वायर्ड’ यादीत त्याचं नाव येतं. ऑप्शनल (‘किंवा नन’चंच दुसरं लेखन) लिहिलं म्हणजे रकाना गाळता येतो, हा पहिल्या आवृत्तीचा नियम होता. जुने लेख अजून तेच सांगतात. पुढे ‘बरोबर नन’ जोडलं की रकाना गाळताही येतो. नुसता फ्लोट ठेवून डिफॉल्ट ८ दिलं तर रकाना गाळला तरी चालतो, नल मात्र चालत नाही. हे तिसरं कधीच करू नका: न मोजलेला कापूस ८ टक्क्यांचा म्हणून नोंदला जातो आणि भाव त्यावरच लागतो.

फाटकासाठी पहिलंच घ्या. ‘मोजलं नाही’ हे फोनने स्पष्ट सांगू दे. दुसऱ्यात खरा घोळ स्पेलिंगचा. ‘ओलावा’ रोमनमध्ये कोणी व्हीने लिहितो, कोणी डब्ल्यूने. चुकीचं नाव आलं तर पायडँटिक ते मुकाट्याने सोडून देतं, खऱ्या रकान्यात नन बसतं, एररही येत नाही. म्हणून कॉन्फिगमध्ये ‘एक्स्ट्रा’ला ‘फॉरबिड’ द्या. स्कीमात ‘अॅडिशनल प्रॉपर्टीज’ फॉल्स होतं.

१२ टक्क्यांची मर्यादा टाइपमध्ये घालू नका. ती सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीची अट आहे, आणि परत पाठवलेल्या गाडीचीही नोंद लागते. फील्डमध्ये किमान ०, कमाल १०० द्या. हीच मर्यादा ‘फील्ड व्हॅलिडेटर’ फंक्शनमध्ये तपासलीत तर स्कीमात काहीच उतरत नाही आणि फोन १४० टक्केही पाठवतो.

मग ‘मॉडेल_जेसन_स्कीमा’ बोलवा, फाइलमध्ये उतरवा. उतरवताना ‘एन्शुअर_आस्की’ फॉल्स ठेवा, नाहीतर मराठी वर्णनांच्या जागी नुसते कोड दिसतात. तारखेचा ‘फॉरमॅट’ स्कीमावरून नोंद तपासणारी बरीच साधनं आपणहून तपासत नाहीत, तो चालू करावा लागतो.

शेवटी चार नोंदी टाकून बघा: ओलावा नाहीच, ओलावा नल, ओलावा ९.५ आणि डब्ल्यूवाला ओलावा. पहिली आणि चौथी अडकली पाहिजे.